गावची जमीन डिफेन्सला जातेय आणि तुम्ही मुंबईत आहात? मग हे आधी वाचा

आमची गावची साडेतीन एकर, दोन तुकड्यांत, लष्कराच्या प्रकल्पात गेली. गावाचं आणि ऑफिसचं नाव मुद्दाम देत नाही कारण वाढीव मोबदल्याची केस अजून चालू आहे. मी भांडुपला राहतो, नोकरी करतो, आणि गेली काही वर्षं महिन्यातून एकदा तरी परळहून रातराणी पकडून तहसील नाहीतर प्रांत ऑफिसात जाऊन बसलोय. या काळात जे कळलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर आमचे कमीत कमी दोन आंबे, एक विहीर आणि आत्याशी झालेलं भांडण वाचलं असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात घ्या. रस्ता, धरण, एमआयडीसी याला विरोध करून आराखडा बदलतो, कधी कधी. डिफेन्सच्या बाबतीत "जमीन द्यायचीच नाही" ही लढाई कायद्यात फार बारीक आहे. खरी लढाई आहे ती मोजणीच्या दिवशी कागदावर काय लिहिलं जातं याची, आणि नेमकं त्याच दिवशी आपण मुंबईकर लोकलमधे लटकत असतो.

१. आधी बघा, जमीन घेतायत की नुसती बंधनं घालतायत

मुंबई मंडळाच्या मीटिंगमधे कोणीतरी उठतो आणि म्हणतो "मिलट्रीवाले जमीन घेणार". थांबा. तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र कालवतात.

पहिली, खरंखुरं भूसंपादन, म्हणजे मालकीच जाते. हे २०१३ च्या भूसंपादन कायद्याने होतं, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्याआधी १८९४ चा इंग्रजांचा कायदा होता.

दुसरी, फायरिंग रेंज. यासाठी १९३८ चा वेगळा कायदा आहे. मालकी तुमचीच राहते, सातबारा तुमच्याच नावावर, पण ठराविक दिवशी सराव असेल तेव्हा हद्दीतून बाहेर जावं लागतं आणि पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मागता येते. नगर, राहुरी, पारनेरकडच्या लोकांना के. के. रेंज हा शब्द समजावून सांगायला नको, २०२० मधे तिथे जमीन जाणार म्हणून केवढा गदारोळ झाला होता.

तिसरी, सुरक्षा पट्टा. १९०३ च्या कायद्याखाली लष्करी ठिकाणाच्या आजूबाजूला बांधकामावर बंदी घालता येते. जमीन तुमची पण घर बांधू शकत नाही. उरणच्या नौदल भांडाराजवळची लोकं सेफ्टी झोनच्या नावाने वर्षानुवर्षं हेच रडतायत. इथेही नुकसानभरपाईची तरतूद कायद्यात आहे, फक्त मागणारे कमी.

तर नोटीस हातात आली की सगळ्यात आधी वरती कुठला कायदा आणि कुठलं कलम लिहिलंय ते वाचा. पुढचं सगळं मी पहिल्या प्रकाराबद्दल लिहितोय.

२. नोटीस मुंबईत येत नाही, तुम्हीच तिच्याकडे जायचं

कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन पेपरांत, ग्रामपंचायत, तहसील, प्रांत, कलेक्टर ऑफिसात आणि वेबसाइटवर लागते. तुमच्या भांडुपच्या खोलीच्या दारावर ती लागत नाही. आमची चावडीच्या भिंतीवर कणकेच्या खळीने चिकटवली होती, खालचा अर्धा भाग शेळीने खाल्ला होता, आणि आमचा गट नंबर त्याच अर्ध्यात होता. चुलत्याने फोटो व्हॉट्सअपवर टाकला तेव्हा तीन आठवडे उलटून गेले होते.

हरकत घ्यायला ६० दिवस असतात (कलम १५). लेखी द्या, पोच घ्या, सुनावणी मागा. हरकतीत भावना कमी आणि मुद्दे जास्त: जमीन बारमाही बागायत आहे, शेजारी पडीक आहे ती का घेत नाही, क्षेत्र गरजेपेक्षा जास्त आहे, गावाचा पाण्याचा स्रोत जातोय, असं.

सापळा: अधिसूचना निघाल्यावर त्या जमिनीचे व्यवहार बंद. विक्री, बक्षीसपत्र, काही नाही, कलेक्टरची परवानगी असल्याशिवाय. गावात एकाने घाईघाईत मुलाच्या नावे बक्षीसपत्र केलं आणि ते आजही फायलीत वादग्रस्त म्हणून पडून आहे.

आणि "आमची संमतीच घेतली नाही" हा मुद्दा घेऊन धावू नका. ७० टक्के आणि ८० टक्के संमतीची अट खाजगी भागीदारी आणि खाजगी कंपनीच्या प्रकल्पांना आहे. सरकार स्वतःच्या सैन्यासाठी घेतं तेव्हा ती लागत नाही. शिवाय महाराष्ट्राने २०१८ मधे कायद्यात दुरुस्ती करून संरक्षणाच्या प्रकल्पांना सामाजिक परिणाम मूल्यांकनातून सूट द्यायची सोय करून ठेवली आहे. म्हणजे कोणी सर्व्हे करायला येऊन "तुमच्या आयुष्यावर काय परिणाम होईल" असं विचारेल ही वाट बघू नका.

३. कलम ४० आहे का ते शोधा

हे वेगळं लिहितोय कारण डिफेन्सला हे कलम लावता येतं आणि त्याने सगळं गणित फिरतं. तातडीचं कलम. देशाचं संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, किंवा आपत्ती असेल तर सरकार हे वापरू शकतं, तेही कमीत कमी लागेल तेवढ्याच क्षेत्रासाठी. हे लागलं की हरकतींची सुनावणीसुद्धा उडवता येते आणि कलम २१ ची, म्हणजे दावे मागवणारी, नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांनी ताबा घेता येतो.

पण ताबा घेण्याआधी अंदाजे मोबदल्याच्या ८० टक्के रक्कम तुमच्या पुढे ठेवावीच लागते. ती नाही तर ताबा नाही, हे वाक्य पाठ करा.

आता सापळा. कलम ४० लावलं तर एकूण मोबदल्यावर आणखी ७५ टक्के जादा मिळतात असं गावात कोणीतरी वाचलेलं असतं. खरंय, पण त्याच पोटकलमाच्या शेपटीला लिहिलंय की देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, सामरिक हित असा प्रकल्प असेल तर हे जादा पैसे द्यायची गरज नाही. आमच्या गावात त्या ७५ टक्क्यांच्या भरवशावर दोघांनी ट्रॅक्टर बुक केले होते.

४. सातबारा दुरुस्त करा, आजच, नोटिशीची वाट न बघता

आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन ११ वर्षं झाली होती. प्रत्येक गणपतीत ठरायचं "या वेळी वारस नोंद करून टाकू" आणि प्रत्येक वेळी विसर्जन झालं की सगळे परतीच्या गाडीत.

कायद्यात कलम ११ नंतर दोन महिन्यांत महसूल खात्याने रेकॉर्ड अद्ययावत करायचं असं आहे. पण ते तुमच्यासाठी मरणाचे दाखले शोधत फिरणार नाहीत. करायचं काय तर:

वारस नोंद. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. ई-हक्कवरून ऑनलाइन करता येतो, नंतर तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, गावात तलाठीच म्हणतात) पाठपुरावा. सगळी नावं घाला, बहिणींची, आत्यांची सुद्धा. आम्ही आधी आत्याचं नाव "ती काय घेणार आहे" म्हणून वगळलं, ती डोंबिवलीहून थेट प्रांत ऑफिसात पोचली आणि हरकत टाकली. बरोबरच केलं तिने. पण वाद असला की पैसे प्राधिकरणाकडे (भूसंपादनाचे वाद ऐकणारं, कोर्टासारखंच) जमा होतात आणि वाद मिटेपर्यंत कोणालाच मिळत नाहीत, आमचे तसे १४ महिने अडकले.

पीक नोंद. सातबाऱ्याचा खालचा भाग, गाव नमुना बारा, तिथे "पडीक" किंवा "गवत" लिहिलंय का बघा. मुंबईकरांच्या निम्म्या जमिनींवर तेच असतं, कारण वाट्याने करणारा माणूस नोंद लावत नाही. ई-पीक पाहणी मोबाइलवरून करायची असते, शेतात उभं राहून. जो कसतोय त्याला करायला सांगा आणि स्क्रीनशॉट मागवा.

विहीर आणि बोअर. आमची विहीर वडिलांनी बांधलेली, ४० फूट, बारमाही पाणी, पण सातबाऱ्यावर नोंदच नाही. कागदावर जमीन जिरायत. जिरायत आणि बागायत दरात किती फरक असतो ते रेडीरेकनर (जमिनीच्या दरांचा सरकारी तक्ता) उघडून बघा म्हणजे झोप उडेल. शेवटी शेतीपंपाचं जुनं वीजबिल कामाला आलं. पंप आहे तर पाणी आहे, पाणी आहे तर विहीर आहे, हे साहेबाला पटायला तीन खेपा लागल्या.

वर्ग २ ची जमीन, कुळाची जमीन, सोसायटीचा बोजा, हे पण आताच बघून घ्या. फेडलेल्या कर्जाचा बोजा तसाच राहिलेला असतो, बँकेचं नो ड्यूज आणून तो कमी करा, नाहीतर मोबदल्याच्या वेळी तेवढे पैसे अडकतात.

५. संयुक्त मोजणीचा दिवस: रजा टाका, काही झालं तरी

ऑफिसात आजी वारली म्हणून सांगा पण या दिवशी शेतात उभे राहा. भूमी अभिलेखचा भूकरमापक, महसूलचा माणूस, लष्कराकडून रक्षा संपदा कार्यालयाचा माणूस, झाडांसाठी कृषी आणि वन खात्याचे, बांधकामासाठी सार्वजनिक बांधकामवाले. कागदावर सगळे एकत्र येतात, प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या दिवशी येतात.

मी पहिल्या दिवशी गेलो नाही. चुलता एकटा होता, त्याला बीपी, ऊन मे महिन्याचं. झाडं मोजणारा पोऱ्या बांधाच्या अलीकडून बोटाने मोजत होता. पलीकडच्या उतारावरचे दोन हापूस त्याला दिसलेच नाहीत आणि चुलत्याने पंचनाम्यावर सही करून टाकली.

दुसऱ्या तुकड्याच्या वेळी शहाणे झालो. आदल्या दिवशी चुन्याने प्रत्येक झाडावर नंबर टाकले, १ ते ६३. वहीत लिहिलं: नंबर, जात, अंदाजे वय, बुंध्याचा घेर. मोबाइलवर लोकेशन आणि तारखेसकट फोटो. मोजणारा आला तेव्हा आम्ही नंबर ओरडायचो आणि तो लिहायचा. एकही झाड सुटलं नाही, उलट त्याचंच काम सोपं झालं आणि तो आमच्याकडे पाणी मागून प्यायला.

सोबत हे पण मोजून घ्या: पाइपलाइन, गोठा, ताली, दगडी बांध, कुंपण, विहिरीचं बांधकाम. जमिनीला चिकटलेल्या प्रत्येक गोष्टीची किंमत वेगळी धरायची असते (कलम २९).

पंचनाम्यावर चूक दिसली तर सही नाकारून तमाशा करू नका. सही करा आणि सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: "झाड क्र. अमुक व विहीर नोंदलेली नाही, हरकत आहे." मग त्याच पानाचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी तेच मुद्दे टाइप करून ऑफिसात द्या आणि आवक नंबर घ्या.

जमिनीचा तुकडा पडत असेल तर ते लगेच सांगा. आमची विहीर संपादनात गेली आणि २२ गुंठे उरले, पाण्याविना, वाटेविना. अशा उरलेल्या जमिनीच्या नुकसानीची भरपाई मागता येते (कलम २८), पण मागितली तरच.

६. एकवीसची नोटीस आणि हिशोब

कलम २१ ची नोटीस म्हणजे "तुमचा दावा सांगा". इथे लोक नुसतं "मोबदला वाढवून मिळावा" असं एक ओळीचं पत्र देतात. तसं नको, आकडा लिहा आणि आकड्याला पुरावा जोडा.

बाजारभाव कसा ठरतो: रेडीरेकनरचा दर एकीकडे, आणि दुसरीकडे जवळपासच्या तशाच जमिनींचे मागच्या तीन वर्षांतले खरेदी व्यवहार. त्यातले जास्त किमतीचे निम्मे व्यवहार घेऊन सरासरी काढायची. दोन्हीत जो जास्त तो. नोंदणी खात्याच्या साइटवर ई-सर्चमधे इंडेक्स २ (खरेदीखताचा नोंदणी उतारा) शोधता येतात, मी दोन रविवार बसून आजूबाजूच्या चार गावांचे काढले. गंमत म्हणजे लोक स्टॅम्प ड्यूटी वाचवायला खरेदीखतात किंमत कमी दाखवतात आणि मग भूसंपादन आलं की तीच कमी किंमत सगळ्या गावाच्या बोकांडी बसते.

उदाहरण म्हणून हिशोब. समजा बाजारभाव निघाला १० लाख. ग्रामीण भागात त्याला १ ते २ च्या मधला गुणक लागतो, राज्य सरकारने ठरवलेला, तुमच्या प्रकल्पाला कुठला ते निवाड्यात (कलेक्टरचा मोबदला ठरवणारा आदेश) बघा. समजा २ धरला, झाले २० लाख. झाडं, विहीर, बांधकाम २ लाख, झाले २२. यावर १०० टक्के सोलेशियम म्हणजे दिलासा रक्कम, झाले ४४ लाख. वर मूळ बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, निवाडा किंवा ताबा यातलं जे आधी होईल तोपर्यंत.

बघा, त्या झाडं-विहिरीच्या दोन लाखांचे चार लाख होतात. चुन्याचा डबा १५० रुपयांना मिळतो.

पुनर्वसनाचा भाग वेगळा आहे, घर किंवा उपजीविका जात असेल तर. त्याचा अर्ज वेगळा द्या, मोबदल्याच्या दाव्यात घुसवू नका.

७. पैसे घेताना दोन शब्द

निवाडा झाला की बोलावणं येतं, माणसं खूश असतात, आणि क्लार्क एक छापील कागद पुढे सरकवतो. त्यावर कधी कधी छापलेलं असतं की रक्कम मान्य आहे, तक्रार नाही. या कागदावर "हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम स्वीकारत आहे" असं लिहिल्याशिवाय सही करू नका. अंडर प्रोटेस्ट म्हणतात ते हेच. निषेध न नोंदवता पैसे उचलले तर नंतर वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही (कलम ७७). आमच्या गावात बऱ्याच जणांनी तशीच सही केली आणि आता ते दुसऱ्यांच्या निकालाकडे डोळे लावून बसलेत.

क्लार्क म्हणाला "असं लिहिलं तर चेक निघणार नाही". निघतो. शांतपणे म्हणा, साहेब तुम्ही लेखी द्या की निघणार नाही.

सोबत न्यायची कागदं, सगळ्यांच्या तीन तीन झेरॉक्स:
- ताजा सातबारा आणि ८-अ, डिजिटल सहीचा
- संबंधित सगळे फेरफार, वारसाचे धरून
- मोजणीचा नकाशा आणि पंचनाम्याची प्रत
- आधार, पॅन, रद्द केलेला चेक, फोटो
- बोजा नसल्याचा किंवा फेडल्याचा दाखला
- सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, नाहीतर प्रत्येकाने स्वतः हजर राहायचं
- जो येऊ शकत नाही त्याचं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र, ज्यात "मोबदला स्वीकारणे आणि निषेध नोंदवणे" दोन्ही स्पष्ट लिहिलेलं

आधारवर "दत्तात्रय" आणि सातबाऱ्यावर "दत्तू" असेल तर एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. यावरून माणसं परत पाठवतात.

इन्कम टॅक्स: या कायद्याखालच्या मोबदल्यावर तो लागत नाही (कलम ९६), प्राप्तिकर खात्याचं २०१६ चं परिपत्रक पण आहे. कोणी टीडीएस कापत असेल तर ते दाखवा. उशिराच्या व्याजाचं मात्र सीएला विचारून घ्या.

८. सहा आठवडे

निवाडा जाहीर होताना तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल तर निवाड्यापासून सहा आठवड्यांत कलम ६४ चा, म्हणजे वाढीव मोबदल्याचा, अर्ज. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, जे आधी संपेल ते. उशीर झाला तर सबळ कारण देऊन पुढे वर्षभरापर्यंत मागता येतं, पण त्यावर विसंबू नका. अर्ज कलेक्टरकडेच द्यायचा, तो पुढे प्राधिकरणाकडे पाठवतो.

निवाड्यात बेरजेची किंवा नावाची साधी चूक असेल तर त्यासाठी केस नको, सहा महिन्यांच्या आत दुरुस्तीचा अर्ज (कलम ३३). आमच्यात ०.६४ हेक्टरचं ०.४६ झालं होतं, एका अर्जात सुधारलं.

त्याच अधिसूचनेतल्या शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढ दिली तर ज्यांनी स्वतः अर्ज केला नव्हता त्यांना कलम ७३ खाली तीन महिन्यांत तेवढाच दर मागता येतो. म्हणून शेजाऱ्याच्या केसच्या तारखा विचारत राहा, त्याला राग आला तरी.

वकील करताना: "वाढीच्या २५ टक्के माझे" म्हणणारे भेटतील, अगदी मुंबईत तुमच्या घरी येऊन भेटतील. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांच्या नियमातच बसत नाही. तालुक्याच्या कोर्टात भूसंपादनाचं काम करणारा साधा वकील बघा, ठरलेली फी द्या, आणि कोऱ्या वकीलपत्रावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको.

माहिती अधिकारात एक युक्ती. लष्कराकडे नकाशा मागितला तर सुरक्षेचं कारण सांगून नाकारतात. तोच अर्ज भूसंपादन शाखेत करा आणि संयुक्त मोजणी पत्रक, मूल्यांकन अहवाल, निवाड्याची फाइल मागा. ती फाइल महसूलची आहे. आम्हाला १०४ पानं मिळाली, दोन रुपये पान.

९. ताबा गेल्यावरही फाइल फेकू नका

कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी धावपट्टीसाठी जमिनी घेतल्या. शेतकऱ्यांचं म्हणणं युद्धापुरत्या घेतल्या होत्या, नौदलाचं म्हणणं जमीन संरक्षण खात्याची. २२ जून २०१७ ला नौदलाच्या भिंतीवरून तिथे जाळपोळ झाली, म्हणजे ७० पेक्षा जास्त वर्षांनी प्रश्न तोच, की त्या वेळी कागदावर नेमकं काय झालं होतं.

म्हणून निवाड्याची सही-शिक्क्याची प्रत, ताबा पावती, पैसे जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि संपादनाच्या आधीचा सातबारा लॅमिनेट न करता (लॅमिनेट केलेला कागद पडताळायला त्रास होतो) प्लास्टिकच्या फोल्डरमधे ठेवा. सगळी जमीन गेली असेल तर हा जुना सातबारा म्हणजे तुम्ही शेतकरी असल्याचा पुरावा, तो नसेल तर उद्या दुसरीकडे शेतजमीन घेताना अडाल.

पाच वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर मूळ मालकाला किंवा सरकारी लँड बँकेत जाते असं कलम १०१ आहे. "किंवा" कडे लक्ष द्या.

आमच्या शेताला आता तारेचं कुंपण आहे. चुलता अजून रोज संध्याकाळी तिथपर्यंत चालत जातो. चुन्याचे नंबर काही झाडांवर बाहेरून दिसतात, ४१ पासून ४७ पर्यंत. पुढची तारीख सोमवारची आहे, रविवारच्या रातराणीचं तिकीट काढलंय.